खंय?

बत्तीस वर्षं मी एकच प्रश्न विचारला,
चालत्या गाडीत, खांदा दांडीला टेकवून:
खंय?
कोण म्हणे म्हापण, कोण परुळे,
कोण नुसतंच पुढं बोट दाखवी.
तिकीट फाडलं, नोट बोटांत दुमडून खोचली,
पुढं सरका म्हटलं, घंटीची दोरी ओढली.
कुठं जातोय ते कळलं
की माणूस संपला.

आता साठीला दोन महिने कमी असताना
वेंगुर्ल्याच्या कॅम्पात एका माडीवर
दर शनिवारी वही उघडून बसतो.
मागच्या कारखान्यात काजू भाजतात,
धुराचा वास शर्टाला लागून घरी येतो.
समुपदेशन. पहिल्याच दिवशी अडलो,
श शहामृगाचा की पोटफोड्या?
फिलोमिना सिस्टरनी न बोलता
स्वतःची वही तिरकी केली.

रेवतीबाई शिकवतात, माझ्या थोरलीहून लहान.
म्हणाल्या, सल्ला द्यायचा नाही.
तांडेल हसला, "मगे करूचा काय?"
दोन ट्रॉलर विकून बसलेला माणूस,
कुणी रडायला लागलं की व्याजाचा हिशेब मांडायचा.
मीही तसलाच:
इथं उतरा, तिथं गाडी बदला, पोचाल सहापर्यंत.
पहिले चार महिने
आम्ही लोकांना भराभर पोचवत होतो.

गणपतीच्या सुट्टीनंतरचा सराव.
एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं, तिसऱ्यानं टिपायचं.
बोलायची पाळी माझी.
काहीतरी छोटं, पण खरं आणा, असं बाई म्हणालेल्या.
मी गुडघा आणला होता.
गुडघा दुखतो, झोप लागत नाही.
समोर बिल्किस वस्ता, अंगणवाडीतून थेट आलेली,
बाहीवर कुठल्याशा पोराची खीर वाळलेली.
ती म्हणाली, "झोप लागत नाही."
एवढंच. प्रश्नचिन्हसुद्धा लावलं नाही.

आणि मग थांबली.
गाडी अशी मधेच थांबली तर लोक ओरडतात.
इथं कुणी ओरडेना.
खाली कुणीतरी सुपातून काजू ओतले.

रात्रीची शेवटची गाडी, मी म्हणालो.
सोळा-सतरा वर्षांचा पोर, हातात रेक्झिनची पिशवी.
विचारलं, खंय?
म्हणाला, खंय पण.
ट्रेमध्ये खंय पणचं तिकीट नसतं.
वर त्याच्याकडे दोन रुपये कमी.
तुळस फाट्याला उतरवलं.
पंच वाजवत पुढच्या सीटकडं गेलो.
मागच्या काचेतून दिसला तो
पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

पुढं काय झालं त्याचं, माहीत नाही.
काहीच झालं नसेल. दुकान टाकलं असेल कुडाळात.
एकोणीस वर्षांत मी हे कुणाला बोललो नव्हतो,
बोलण्यासारखं काही आहे
हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमची काय चूक, असं बिल्किस म्हणाली नाही.
तुमची ड्युटीच होती, असंही नाही.
पेनाचं टोपण फिरवत होती, ते फिरवायचं थांबली.
खूप वेळानं म्हणाली,
"पिशवी पोटाशी धरलेली."
तांडेलनं टिपायचं होतं.
त्याचा कागद कोरा. तो खिडकीबाहेर
दीपगृहाकडं बघत बसला होता, दिवसाढवळ्या.

गुडघा अजून दुखतो.
झोपेचंही काही खास नाही.

त्या रात्री शालन बांगडे साफ करत होती,
पाठमोरी म्हणाली, "माका आज बरा वाटणा नाय."
गोळी घे, हे शब्द दातांपर्यंत आले.
डब्यात गोळी कुठल्या कप्प्यात, तेही ठाऊक.
मी पाट ओढून बसलो.
म्हणालो, "बरा वाटणा नाय."

तिनं विळी थांबवली. वळून बघितलं,
नीट, वरपासून खालपर्यंत.
"तुका काय झालां? असो गप कित्याक बसलंस?"

काय नाय, म्हटलं. बोल.
मांजर दारात येऊन बसलं.
ती पुन्हा बांगड्यांकडं वळली,
एक केला, दुसरा केला,
आणि तिसऱ्याला हात घालता घालता
म्हणाली, "पयलीसून सांगूक होया मगे."